बक्षीस, हिशेब आणि सराफा : इंदूरहून कैरोला जाताना

कैरोच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकताच मराठी माणसाच्या कानावर जो पहिला ओळखीचा शब्द पडतो, तो बहुधा ‘बक्शीश’ हा असतो. आपल्याकडे बक्षीस म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळणारा पेला किंवा पुस्तक. तिथे बक्शीश म्हणजे सामानाच्या ढकलगाडीला न विचारता हात लावणाऱ्याने, स्वच्छतागृहात हात पुसायला कागद देणाऱ्याने आणि मशिदीच्या दारात जोडे सांभाळणाऱ्याने अपेक्षिलेले सुटे पैसे. शब्द मूळचा फारसी, तिथून तो आपल्याकडे आला आणि अरबीतही गेला. दोन्हीकडे रुळला, पण अर्थ वेगळे झाले.

असे शब्द पुढे पावलोपावली भेटतात. उपाहारगृहात ‘अल-हिसाब’ म्हटले की बिल येते, चौकाला ‘मिदान’ म्हणतात म्हणजे आपले मैदान, आणि दुकान तर दुकानच राहते. मात्र अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना आणि ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र. या शहरात आपली फसगत बहुतेक वेळा सगळे ओळखीचे वाटले म्हणूनच होते, हे मी अनुभवाने सांगतो. मागच्या डिसेंबरात मी, पत्नी, बहीण आणि मेहुणे असे चौघे कोणत्याही सहल कंपनीशिवाय, स्वतः आखणी करून दहा दिवस कैरोत राहिलो. परतल्यापासून इंदूरच्या रामबागेतील आणि सुदामानगरातील परिचित मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

निघण्यापूर्वी

इंदूरहून कैरोला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा आखातातील एखादे शहर गाठूनच पुढे जावे लागते. इंदूर ते मुंबई आणि मुंबई ते कैरो अशी दोन वेगवेगळी तिकिटे कधी कधी स्वस्त पडतात, परंतु पहिले विमान धुक्यामुळे रखडले तर दुसऱ्या विमान कंपनीवर कसलीही जबाबदारी राहत नाही, सामान मुंबईत ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि टर्मिनलही बदलावे लागू शकते. शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर करावा. ते जमत नसेल तर मध्ये एक रात्र मुक्कामाची ठेवावी. व्हिसा निघण्यापूर्वीच हाती असावा. ‘तो तर विमानतळावरच मिळतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ती सोय सरसकट सर्व देशांच्या नागरिकांना नाही, आणि इंदूरच्या विमानतळावर तिकीट तपासणारा कर्मचारी व्हिसा पाहिल्याशिवाय पुढे सोडत नाही. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी.

औषधांविषयी मात्र थोडे थांबून लिहितो, कारण याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गुडघेदुखी आणि कंबरदुखीसाठी आपले डॉक्टर ज्या संयुक्त गोळ्या सर्रास लिहून देतात, त्यांपैकी काहींत पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक असते. इजिप्तमध्ये ट्रॅमाडॉलवर अत्यंत कडक निर्बंध आहेत. २०१७ मध्ये सामानात २९० ट्रॅमाडॉल गोळ्या घेऊन उतरलेल्या एका ब्रिटिश महिलेला, त्या आजारी जोडीदारासाठी आणल्याचे तिने सांगूनही, तीन वर्षांची शिक्षा झाली होती. आम्ही निघण्याच्या आठवडाभर आधी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांची औषधे मांडून बसलो. बहिणीच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्यापारी नाव ठळक होते आणि घटकांची नावे इतकी बारीक होती, की मेहुण्यांनी मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचला. दुसऱ्या ओळीत ट्रॅमाडॉल होते. डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून घेतल्या, आणि उरलेल्या सर्व औषधांसाठी मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली. प्रत्येक घराने हे करावे. गोळ्या डब्यात सुट्या भरू नयेत, मूळ पाकिटातच न्याव्यात. झोपेच्या, मानसिक आजारांवरच्या आणि कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांबाबत आधी चौकशी केल्याशिवाय ती बॅगेत टाकूच नयेत.

दुसरी वस्तू ड्रोन. लग्नाच्या चित्रीकरणामुळे इंदुरात आता घरोघरी कोणा ना कोणा भाच्याकडे ड्रोन असतो आणि पिरॅमिडवर तो उडवावा असा मोह होणे स्वाभाविक आहे. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय ड्रोन आणणे आणि बाळगणे हाच गुन्हा आहे. तो घरीच ठेवावा.

सराफा आणि आकडे

इंदूरकराला सराफा म्हटले की रात्रीची गजबज, भुट्ट्याचा कीस आणि जिलबी आठवते. पण मुळात सराफ म्हणजे नाणी पारखणारा, बदलून देणारा. कैरोत तो अर्थ जिवंत आहे आणि चलन बदलून देणाऱ्या कचेरीला ‘सिराफा’च म्हणतात. भारतीय रुपये तिथे उपयोगाचे नाहीत. अमेरिकी डॉलर न्यावेत, त्याही स्वच्छ, न फाटलेल्या, अलीकडच्या काळातील नोटा. बदलून घ्यायचे ते बँकेत किंवा अधिकृत सिराफ्यात. रस्त्यात ‘जास्त भाव देतो’ म्हणणाऱ्याकडे वळूनही पाहू नये, कारण बँक किंवा अधिकृत सिराफ्याबाहेर चलन बदलणे बेकायदा आहे आणि नोटांची अदलाबदल तिथेच होते. २०२४ च्या मार्चमध्ये इजिप्तने पाउंडाचा दर मोकळा सोडला आणि एका डॉलरला साधारण ३१ मिळणारे पाउंड थेट ५० च्या आसपास गेले. त्यामुळे त्याआधी जाऊन आलेल्या कोणी सांगितलेल्या किमतींवर आता विसंबू नये. त्याच कारणाने या लेखातही मी भाड्यांचे आणि तिकिटांचे आकडे दिलेले नाहीत.

आकड्यांची ओळख घरीच करून घ्यावी. दुकानातील किमती, बसचे क्रमांक आणि गाड्यांच्या पाट्या पुष्कळदा अरबी आकड्यांत असतात, आणि त्यांतील काही आपल्याला साफ चकवतात. शून्य म्हणजे नुसता टिंब. पाच म्हणजे एक छोटे वर्तुळ, म्हणजे आपल्या डोळ्याला चक्क शून्य. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो, सात इंग्रजी व्ही या अक्षरासारखा आणि आठ उलट्या व्हीसारखा. चार हा आरशात पाहिलेल्या इंग्रजी तिनासारखा. परिणामी ६५ लिहिलेली पाटी आपण बेधडक ७० अशी वाचतो. लिपी उजवीकडून डावीकडे चालत असली तरी संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचतात, हाही घोळ मनातून काढून टाकावा. दहा आकडे कागदावर काढून दोन संध्याकाळी घरातल्या कॅलेंडरच्या तारखा त्यांत लिहून पाहिल्या की ते बोटांत बसतात.

याच आकड्यांचा गैरफायदा घेणारी एक जुनी युक्ती आहे. एका पाउंडाचे शंभर पियास्टर होतात, आणि ५० पियास्टरची कागदी नोटही आहे. आपण टॅक्सीवाल्याला ५० पाउंडांची नोट देतो. तो क्षणभर हात खाली नेतो आणि ५० पियास्टरची नोट दाखवून ‘तुम्ही हीच दिलीत’ म्हणतो. खान अल-खलीली बाजाराजवळ उतरताना माझ्या मेहुण्यांच्या बाबतीत हे घडले. नोटांची एक बाजू अरबीत असते आणि दुसरी इंग्रजीत. इंग्रजी बाजूवर पाउंड की पियास्टर हे शब्दांत लिहिलेले असते. त्या दिवसापासून आम्ही नोट देताना इंग्रजी बाजू वर करून, रक्कम मोठ्याने उच्चारून देऊ लागलो, आणि तो प्रश्न पुन्हा आला नाही.

बक्शीशबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते देण्यात कमीपणा नाही आणि ते टाळण्यात शहाणपणही नाही. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या पुष्कळ माणसांचा तो उत्पन्नाचा भाग आहे. रोज सकाळी हॉटेलातून सुट्या छोट्या नोटा घेऊन त्या वेगळ्या खिशात ठेवाव्यात, म्हणजे दर वेळी सगळे पाकीट बाहेर काढावे लागत नाही. काम झाले असेल तर द्यावे. न मागितलेली सेवा अंगावर आली तर हात छातीशी नेऊन ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, आभारी आहे’ एवढे म्हणून चालत राहावे. आपल्या मालवी वळणाला कोणी आग्रह केला की थांबून, हसून, कारण सांगून नकार देण्याची सवय आहे. तिथे थांबणे हाच होकार समजला जातो.

कार्डाविषयी एक सूचना. पिरॅमिडांसह बहुतेक मोठ्या पुरातन स्थळांच्या खिडकीवर रोख रक्कम घेत नाहीत, कार्डच लागते, आणि ते परदेशी वापरासाठी बँकेकडून आधी सुरू करून घेतलेले असले पाहिजे. यंत्रावर ‘रुपयांत आकारणी करू का’ असा प्रश्न आला तर स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यात दर वाईट लागतो.

शहरात फिरताना

टॅक्सीचे मीटर ‘खरबान’ म्हणजे बिघडलेले आहे असे ऐकायला मिळाले की त्या टॅक्सीत बसू नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे वाद टळतात. उबर आणि करीम ही दोन्ही अ‍ॅप कैरोत चालतात आणि परक्या माणसासाठी तीच बरी. त्यातही चालक कधी कधी बसल्यावर अ‍ॅपच्या भाड्याहून अधिक मागतो किंवा फेरी रद्द करायला लावून रोखीने न्यायला बघतो. अशा वेळी वाद न घालता उतरावे आणि दुसरी गाडी बोलवावी. अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक दिसतो तो अरबी आकड्यांशी ताडून पाहायचा असतो, म्हणूनही ते आकडे यावेत. हॉटेलचे कार्ड, ज्यावर पत्ता अरबीत छापलेला आहे, नेहमी जवळ असावे. रोमन लिपीतील पत्ता दाखवून पुष्कळदा काहीच साधत नाही, कारण एकाच रस्त्याचे नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. बोली कैरोची असल्याने आपण ‘ज’ म्हणतो तिथे ती माणसे ‘ग’ म्हणतात : मस्जिदची ‘मस्गिद’ होते, जमालचा ‘गमाल’. नाव ऐकून पटले नाही तर हा बदल करून पाहावा.

कैरोची मेट्रो १९८७ मध्ये सुरू झाली, ती आफ्रिकेतील पहिली. स्वस्त आहे आणि वाहतूक कोंडीतून सुटका करते. गाडीच्या मधले काही डबे स्त्रियांसाठी राखीव असतात. फलाटावर त्याची खूण असते आणि घरातील महिलांनी तिथूनच चढावे. मात्र एक मोठा गैरसमज इथे सांगितला पाहिजे. ‘गीझा’ नावाचे स्थानक आहे म्हणून तिथे उतरले की पिरॅमिड दिसतील असे वाटते. प्रत्यक्षात पिरॅमिड तिथून सात-आठ किलोमीटरवर, शहराच्या कडेला आहेत, आणि स्थानकाबाहेर नेमके हेच ठाऊक असलेले लोक आपली वाट पाहत असतात. स्थानकावर उतरून पुढे अ‍ॅपची गाडी करावी, नाहीतर सरळ हॉटेलातूनच गाडी करून जावे.

रस्ता विचारताना एका माणसाच्या उत्तरावर निघू नये. ‘माहीत नाही’ म्हणून पाहुण्याला परत पाठवणे तिथल्या माणसाला उद्धटपणाचे वाटते. त्यामुळे माहीत नसतानाही तो आपुलकीने दिशा दाखवतो. तिघांना विचारावे आणि दोघांचे जुळले की निघावे. रस्ता ओलांडण्याचे तंत्र मात्र इंदूरच्या माणसाला वेगळे शिकवायला नको : स्थानिक माणसाच्या सावलीत, एकाच गतीने, मध्येच न थबकता चालायचे.

पिरॅमिड आणि तीन संग्रहालये

गीझाच्या पठारावर जाण्यापूर्वी गाडी अडवून ‘हे दार आज बंद आहे, पुढून घोड्यावरून जावे लागते’ असे सांगणारे भेटतात. गळ्यात ओळखपत्र असले तरी ऐकू नये; काचा वर ठेवाव्यात आणि तिकिटाच्या खिडकीपर्यंत जावे. २०२५ पासून फयूम रस्त्याच्या बाजूने नवे प्रवेशद्वार आणि आत फिरणाऱ्या बस सुरू झाल्या आहेत, त्यामुळे उन्हात वाळूतून तंगडतोड करण्याची किंवा घोड्यावर बसण्याची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. चालकाला आपण कोणत्या दाराशी जाणार हे निघतानाच सांगावे. खुफूच्या पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, आज ती १३८ च्या आसपास आहे. त्याच्या पोटात जायचे तिकीट वेगळे असते. आतला चढ अरुंद, ठेंगणा आणि गुदमरवणारा असून वर रिकामी दगडी खोली आहे. गुडघे, श्वास किंवा रक्तदाब यांचा त्रास असलेल्यांनी बाहेरूनच समाधान मानावे. माझी बहीण बाहेर सावलीत बसली आणि परतल्यावर आम्हा तिघांचे चेहरे पाहून तिला आपल्या निर्णयाचा आनंदच झाला.

उंटाची गोष्ट बहुतेकांना ऐकून ठाऊक असते, तरीही माणसे फसतात. वर चढवण्याचा भाव एक ठरतो आणि उतरवण्याचा दुसरा, कारण वर बसलेल्या माणसाकडे वाटाघाटीला काही उरलेले नसते. बसायचेच असेल तर भाव पाउंडांत, एकूण किती जणांचा, किती वेळाचा आणि उतरवण्यासह, असे चारही मुद्दे आधी मोबाइलवर आकडा लिहून मान्य करून घ्यावेत, आणि पैसे खाली जमिनीवर पाय टेकल्यावर द्यावेत. ‘फुकट, तुम्ही भारताचे पाहुणे’ असे म्हणून डोक्याला फडके बांधणाऱ्याचेही तेच.

संग्रहालयांच्या बाबतीत आता सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण जुनी पुस्तके आणि जुने व्हिडिओ अजून फिरत आहेत. तहरीर चौकातील गुलाबी इमारत १९०२ पासूनची. तुतनखामेनचा सोनेरी मुखवटा तिथे आहे असे सगळीकडे वाचायला मिळते. तो आता तिथे नाही. पिरॅमिडांजवळचे भव्य नवे संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले आणि तुतनखामेनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे एकत्र मांडल्या आहेत. राजांच्या ममी तिसऱ्याच ठिकाणी आहेत : ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममी मिरवणुकीने फुस्तात भागातील संस्कृती संग्रहालयात नेण्यात आल्या. काय पाहायचे ते आधी ठरवून त्याप्रमाणे जावे. नव्या संग्रहालयाचे तिकीट वेळेसह आधीच ऑनलाइन काढावे आणि त्यासाठी अख्खा दिवस द्यावा. आम्ही अर्धा दिवस ठेवला होता, तो पुरला नाही. तहरीरचे जुने संग्रहालयही मला तितकेच आवडले. धुळकट काचांची ती कपाटे आणि हाताने लिहिलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या पाहायला गर्दी कमी असते, आणि एकेका मूर्तीसमोर मनाजोगे उभे राहता येते.

स्वतःच्या आठवणीसाठी रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागी फोटो काढायला २०२२ पासून परवान्याची गरज नाही. पोलीस, सैनिक, सरकारी इमारती आणि पूल यांच्याकडे मात्र कॅमेरा वळवू नये, आणि माणसांचे, विशेषतः मुलांचे, फोटो विचारूनच काढावेत.

बाजारातील गोड बोलणे

चेहऱ्यावरून भारतीय ओळखले की ‘अमिताभ बच्चन!’ अशी आरोळी येते. ही आपुलकी खोटी नसते. हिंदी चित्रपटांवर तिथल्या जुन्या पिढीचे खरेच प्रेम आहे, आणि आम्हांला चहा पाजून एक पैसाही न मागणारे वृद्ध गृहस्थही भेटले. पण तहरीरच्या आसपास ‘संग्रहालय आता नमाजासाठी बंद आहे, तोवर माझ्या काकांचे दुकान पाहा’ असे म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. दोघांतला फरक ओळखण्याची माझी खूण अशी, की जो माणूस आपल्याला जिथे आहोत तिथेच बोलतो तो पाहुणचार करतो, आणि जो चालायला लावतो तो व्यापार करतो.

त्या काकांच्या दुकानात बहुधा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद, किंवा अत्तर असते. फलकावर ‘संस्था’ किंवा ‘संग्रहालय’ असे लिहिलेले असले तरी ते दुकानच असते. खरा पपायरस उजेडासमोर धरला की त्यात उभ्या-आडव्या तंतूंची जाळी दिसते आणि तो अलगद वाकवला तरी तुटत नाही. केळीच्या पानांपासून केलेली नक्कल कडेला तडकते. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून नांदत असलेल्या खान अल-खलीली बाजारात घासाघीस ही रीतच आहे, मात्र घ्यायचे नसेल तर भाव सांगूच नये. आपण सांगितलेला भाव त्याने मान्य केल्यावर पाठ फिरवणे हे तिथे वाईट समजतात. कोणी कागदात गुंडाळलेली ‘खरी जुनी’ मूर्ती दाखवली तर तिथून लगेच निघावे. ती बहुतेक वेळा नकली असते, आणि अस्सल असली तर संकट अधिक मोठे, कारण १९८३ च्या कायद्याने पुरातन वस्तूंच्या विक्रीला आणि देशाबाहेर नेण्याला बंदी आहे.

शाकाहारी माणसाचे जेवण

याची धास्ती घेऊन आम्ही अर्धी बॅग खाकरे आणि शेवेने भरली होती; तेवढ्याची गरज नव्हती. कुशरी हे कैरोचे रोजचे खाणे संपूर्ण शाकाहारी आहे. दुकानदार पत्र्याच्या वाडग्यात भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोची आंबट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा असे थर इतक्या वेगाने लावतो, की झाऱ्याचा वाडग्यावर वाजणारा ठोका रस्त्यापर्यंत ऐकू येतो. सोबत लसूण-व्हिनेगरचे पाणी आणि ‘शत्ता’ नावाचा लाल तिखट रस मिळतो. आम्ही त्यावर इंदूरची लसणी शेव भुरभुरली आणि शेजारच्या टेबलावरील मुलांनी ती मागून घेतली. ‘फूल’ म्हणजे शिजवून घोटलेले बाकल्याचे (फावा बीन्सचे) दाणे आणि ‘तामिया’ म्हणजे त्याच दाण्यांचे वडे. न्याहारीला दोन्ही उत्तम. एक गंभीर सूचना : ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची कमतरता आहे त्यांनी बाकला खाऊ नये, त्याने तांबड्या पेशी फुटून प्रकृती धोक्यात येऊ शकते. घरात तसा कोणी असेल तर ही दोन्ही नावे त्याला आधीच सांगून ठेवावीत.

फसगत होते ती शब्दाने. ‘लहमा नको’ म्हटले की तिथल्या माणसाच्या मनात लाल मांस नको एवढेच येते आणि तो निःशंक मनाने कोंबडी आणून ठेवतो. म्हणून ‘मिन गेर लहमा, मिन गेर फिराख, मिन गेर समक’ असे तिन्ही, म्हणजे मांस, कोंबडी आणि मासे नकोत, असे पूर्ण सांगावे. मसुराचे सूप आणि मुलूखिया ही हिरवी पालेभाजी दिसायला शाकाहारी असली तरी पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचेही तसेच. सर्वांत उपयोगी शब्द ‘सियामी’ हा आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातील अर्ध्याहून अधिक दिवस उपास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी खात नाहीत. त्या जेवणाला सियामी म्हणतात आणि स्वयंपाक्याला तो लगेच कळतो. काही उपासांत मासे चालतात, तेवढे मात्र विचारून घ्यावे. नळाचे पाणी पिऊ नये, आणि बाटली घेताना झाकणाची कडी न तुटलेली आहे हे स्वतः पाहावे.

वार, वेळ आणि वागणूक

तिथे साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते आणि रविवार कामाचा दिवस असतो. शुक्रवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, पण दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी पाहता येत नाहीत. घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असते, कारण २०२३ पासून तिथे उन्हाळी वेळ पुन्हा सुरू झाली आहे. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात स्थळे लवकर बंद होतात, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी प्रत्येक जण घरी धावत असल्याने विमानतळाची फेरी त्या वेळेस ठेवू नये. मार्च ते मे या काळात खमसीन हा वाळूचा उष्ण वारा सुटतो. दम्याच्या माणसांनी हिवाळाच निवडावा.

मशिदीत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, स्त्रियांजवळ ओढणी असावी आणि जोडे हातात धरून तळवे एकमेकांना लावावेत. महिलांना गर्दीत छेडछाडीचा त्रास होऊ शकतो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोणी अंगचटीला आले तर ‘एब!’ असे मोठ्याने म्हणावे. हा आपल्या ‘ऐब’चाच मूळ शब्द, तिथे त्याचा अर्थ ‘लाज वाटू दे’ असा होतो, आणि तो ऐकला की आजूबाजूची वडीलधारी माणसे मध्ये पडतात. माझ्या पत्नीने एकदाच तो उच्चारला, आणि पेरू विकणाऱ्या म्हाताऱ्या बाई त्या तरुणावर अक्षरशः धावून गेल्या. पर्यटन पोलिसांचा क्रमांक १२६, पोलिसांचा १२२ आणि रुग्णवाहिकेचा १२३ हे तिन्ही कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावेत, कारण चोरी होते ती मोबाइलचीच. भारतीय दूतावास नाईलमधील गेझीरा बेटावरच्या झमालेक भागात आहे. पासपोर्टची छायाप्रत मूळ पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत असावी.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या बाहेरच्या दारापाशीच सामानाची एक तपासणी होते आणि आत पुन्हा दुसरी, म्हणून तीन तासांऐवजी चार तास हाताशी ठेवावेत. उरलेले पाउंड विमानतळावरील बँकेत, आतल्या तपासणीला जाण्याआधी, बदलून घ्यावेत किंवा त्यांचे खजूर घ्यावेत, कारण त्या नोटा इंदूरला आणून त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही.